फेब्रुवारीची पानं, जुलैचा कचरा

मुंबईच्या उपनगरांत घरच्या घरी खत करणाऱ्यांचं वर्ष फेब्रुवारीत सुरू होतं. मुलुंडच्या रस्त्यांवरचे पर्जन्यवृक्ष त्या सुमाराला पानं झाडू लागतात, सोसायटीच्या कुंपणालगतचा देशी बदाम लालभडक होऊन गळतो आणि सकाळी झाडलोट करणारी ताई फाटकापाशी पानांचा ढीग लावते. हा ढीग एरवी पालिकेच्या गाडीत जातो, नाहीतर बंदी असूनही कुठल्यातरी कोपऱ्यात पेटवला जातो. खत करणारं माणूस मात्र तांदळाची रिकामी गोणी घेऊन तिथे आधीच हजर असतं.

"ताई, टाकू नका हं ही. मी नेते."

"न्या ना वहिनी. मला तेवढंच एक पोतं कमी उचलायचं."

मुलुंड पूर्वेच्या एका चार मजली इमारतीच्या आवारात हे बोलणं माझ्या कानावर पडलं. वहिनींनी दोन गोण्या दाबून भरल्या, तोंडं सुतळीनं बांधली आणि जिन्याखाली सायकलींच्या मागे रचून ठेवल्या. जुलैत घरातला ओला कचरा जास्तच ओला असतो, हवेत दमटपणा असतो, बादलीतलं पाणी उडून जात नाही. तेव्हा कोरडं पान लागतं, आणि नेमकं तेव्हाच ते कुठे मिळत नाही. म्हणून साठवण उन्हाळ्याच्या तोंडावर करायची, जशी पापड-कुरडयांची करतात.

पानापानांत फरक असतो हेही त्यांच्याकडूनच कळलं. पर्जन्यवृक्षाची पानं बारीक, ती लवकर कुजतात, चुरावीही लागत नाहीत. बदामाचं पान मोठं आणि जाड. ते तसंच टाकलं तर एकावर एक चिकटून थर बसतो आणि हवा अडते, म्हणून गोणीतच पायाखाली तुडवून घ्यायचं. आंब्याचं पान चिवट, त्याला महिनोन्‌महिने लागतात. सुतारकामाच्या दुकानातला लाकडाचा भुसा चालतो, पण प्लायवूडचा नको, त्यात डिंक आणि रसायनं असतात.

त्यांची सगळी यंत्रणा स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेरच्या ग्रिलमध्ये मावते. रंगाच्या दोन रिकाम्या बादल्या, वीस-वीस लिटरच्या, झाकणासकट. तापवलेल्या स्क्रू-ड्रायव्हरनं कडेला आणि तळाला भोकं पाडलेली. तळाशी नारळाच्या शेंड्यांचा चार बोटं थर, त्यावर मागच्या खेपेचं मूठभर खत. त्याला त्या विरजणच म्हणतात. रात्री ओटा आवरला की दिवसभराची सालं, देठं, गाळून निथळलेला चहाचा चोथा, चुरलेली अंड्याची टरफलं आत जातात. दुधीचं साल किंवा केळ्याचं साल असेल तर विळीवर चार तुकडे करून. वर तेवढीच कोरडी पानं, पावसाळ्यात दीडपट. दोन-तीन दिवसांनी खुरप्यानं तळापासून हलवायचं. एक बादली भरली की ती बाजूला ठेवून दुसरी सुरू करायची. दुसरी भरेपर्यंत पहिलीतलं बरंचसं काळं होऊन बसलेलं असतं. पुरतं तयार व्हायला दोन ते तीन महिने.

मी गेलो तेव्हा त्यांनी बादलीचं झाकण काढून मला हात घालायला सांगितलं. वरचा थर कोरडा होता, पालापाचोळ्यात हात घातल्यासारखा. खाली बोटं गेली तसं कोमट लागलं. अजून खाली फरसबीची शेंडी ओळखू येत होती, मटाराचं साल मऊ पडून पारदर्शक झालं होतं, आणि त्याच्याखाली काहीच ओळखू येत नव्हतं, नुसता काळसर रवाळ चुरा. वास पहिल्या पावसात अंगणाला येतो तो. त्यांनी मूठभर घेऊन घट्ट दाबलं. मुठीतून पाणी ठिबकलं तर ओल जास्त, मूठ उघडताच सगळं सुटून पडलं तर ओल कमी. गोळा होऊन राहिला आणि तळवा नुसता ओलसर झाला की बरोबर.

या मुठीच्या परीक्षेमागचं शास्त्र सोपं आहे. कचरा कुजवणाऱ्या जिवाणूंना ऊर्जेसाठी कार्बन लागतो आणि वाढीसाठी नायट्रोजन. दोघांचं प्रमाण साधारण तीसास एक असलं की काम जोरात चालतं. भाजीपाल्याच्या कचऱ्यात नायट्रोजन आणि पाणी भरपूर, सुक्या पानांत कार्बन भरपूर. एकमेकांवाचून दोघांचंही अडतं. शिवाय जिवाणूंना हवा हवी. ओल पन्नास-साठ टक्क्यांच्या वर गेली की मधल्या पोकळ्या पाण्यानं भरतात, हवेवर जगणारे जिवाणू मागे पडतात, हवेविना जगणारे पुढे येतात, आणि ते जे वायू सोडतात त्यांना नासक्या अंड्यांचा वास येतो. बादलीला वास येतो तेव्हा बहुतेक वेळा दोष पानांच्या कंजुषीचा असतो. दोन मुठी पानं घालून हलवलं की दुसऱ्या दिवशी वास बसतो. बाजारात मिळणाऱ्या पावडरी आणि फवारे यांची मला तरी फारशी गरज दिसली नाही. आंबट ताकाचा शिपका आणि जुन्या खताचं विरजण पुरतं.

अडचणी वेगळ्याच असतात, आणि त्या पुस्तकात नसतात. मे महिन्यात हापूसच्या कोयी. त्या महिनोन्‌महिने तशाच राहतात, म्हणून उन्हात वाळवून वेगळ्या टाकायच्या. नारळाची करवंटी आणि शहाळं तर बादलीचं कामच नव्हे. मासे खाणाऱ्या घरात बुधवार-शुक्रवार-रविवारी कोलंबीची सालं आणि बांगड्याची डोकी निघतात. नवख्यानं ती बादलीत घालू नयेत. मुरलेली माणसं मधोमध खोल पुरतात आणि वर भुशाचा जाड थर देतात. गणपती-नवरात्रात झेंडूच्या माळा. त्यातला दोरा ओढून काढल्याशिवाय टाकल्या तर खुरप्याला गुंडाळी होते. आणि पावसाळ्यात अळ्या. काळ्या सैनिक माशीच्या या अळ्या जाडसर, करड्या, वळवळणाऱ्या. पहिल्यांदा पाहिल्यावर बहुतेक जण बादली थेट कचरागाडीत रिकामी करतात. खरं तर त्या ओला कचरा झपाट्यानं संपवतात, त्यांच्या माशीचं आपल्या ताटाशी काही घेणंदेणं नसतं. पण ज्या घरात सासूबाईंचं देवघर त्याच खिडकीशी आहे तिथे हे शास्त्र सांगून उपयोग होत नाही. तिथे पानं वाढवायची आणि ओल कमी करायची, अळ्या आपोआप कमी होतात.

खालच्या मजल्यावरच्या काकूंची तक्रारही रास्तच होती: "अगं, तुझ्या बादलीतलं पाणी माझ्या तुळशीवर गळतंय." बादलीखाली जुनं ताट आलं. ताटातलं पाणी दहापट पातळ करून आता काकूंच्याच तुळशीला जातं.

एवढा खटाटोप कशाला, असं मुलुंड पूर्वेच्या माणसाला विचारायची सोय नाही. पूर्व द्रुतगती मार्गालगत, हरिओम नगरच्या शेजारी, चोवीस हेक्टरांचं कचऱ्याचं डोंगर-पठार या भागानं पन्नास वर्षं सोसलं. १९६७ च्या सुमारास तिथे कचरा टाकायला सुरुवात झाली आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये ते बंद झालं. तोवर सुमारे ७० लाख टन साचला होता. तो खणून, चाळून, माती-प्लास्टिक-दगड वेगळे करून जागा मोकळी करायचं काम पालिकेनं साडेपाचशे कोटींहून अधिक रकमेला दिलं. संध्याकाळी वारा फिरला की खिडक्या लावून घ्यायच्या, पाहुण्यांना दिवसा बोलवायचं, ही हरिओम नगरातल्या घरांची वर्षानुवर्षांची रीत होती. ज्या पिढीनं त्या वासात अभ्यास केला तिला ओला-सुका समजावून सांगावा लागत नाही.

बाकीच्या उपनगरांचीही हीच कथा आहे. बोरिवलीकरांसाठी गोराई: १९७२ पासून २००७ पर्यंत खाडीकाठी, वस्तीला लागून कचरा पडत राहिला. मग सुमारे वीस हेक्टरांचा तो ढिगारा उतरते आकार देऊन, झाकून, त्यातला वायू नळ्यांनी काढून बंद करण्यात आला. आज त्यावर हिरवळ आहे. घाटकोपर-चेंबूरच्या पलीकडे देवनार, देशातल्या सर्वांत जुन्या कचराभूमींपैकी एक. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, प्लेगच्या धास्तीनंतर, शहराचा कचरा शहराबाहेर न्यायचा म्हणून ही दलदल निवडली गेली. शहर वाढत वाढत तिच्यापर्यंत आलं. जानेवारी २०१६ मध्ये देवनारला लागलेली आग दिवसेंदिवस धुमसत होती, धूर उपग्रहाच्या छायाचित्रांतही दिसला, आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयानं कचऱ्याची व्यवस्था होत नाही तोवर शहरात नव्या बांधकामांना परवानगी देऊ नये, असा आदेश दिला. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाकडून दिलासा मिळेपर्यंत बांधकाम व्यावसायिकांनाही कचरा हा आपला विषय आहे हे कळलं होतं. मुलुंड बंद झाल्यापासून बहुतेक भार कांजूरमार्गवर आहे, आणि आता विक्रोळी-भांडुप-कांजूरच्या खिडक्या संध्याकाळी लागतात.

मुंबई रोज सहा-सात हजार टन कचरा काढते. त्यातला सुमारे सत्तर टक्के भाग अन्नाचा, म्हणजे स्वयंपाकघरांचा, हॉटेलांचा, मंडयांचा. देठ आणि सालं प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून दिली की गाडीत दाबली जातात, डोंगराखाली हवेविना कुजतात, मिथेन तयार होतो. देवनारच्या आगींना हाच वायू खाद्य पुरवतो. काळं पाणी झिरपून खाडीत जातं. तेच देठ हवेशीर बादलीत कुजलं तर मिथेन जवळपास होत नाही आणि वजन बघता बघता उतरतं, कारण भाजीच्या कचऱ्यात बहुतांश पाणीच असतं. चौघांच्या घरातून रोज किलोभर ओला कचरा धरला तरी तीन महिन्यांनी हाती येणारं खत दोन-तीन कुंड्यांना पुरेल एवढंच असतं.

हे सगळं आपल्याकडे नवं नाही. घाटकोपर पूर्वेला टिळक रोडजवळची जोशी लेन या बाबतीत मुंबईत पहिली म्हणायला हवी. १९९६-९७ मध्ये तिथल्या रहिवाशांनी ओला-सुका वेगळा करून ओल्याचं गल्लीतच गांडूळखत करायला घेतलं, आणि त्याच प्रयोगावरून महापालिकेनं १९९७ मध्ये 'प्रगत परिसर व्यवस्थापन' म्हणजे एएलएम ही योजना शहरभर नेली. वस्तीनं आपली गल्ली सांभाळायची, पालिकेनं पाठबळ द्यायचं. शेकडो गट निघाले. बरेचसे पुढे थंडावले. ज्यांचं टिकलं त्यांच्यात एक गोष्ट समान दिसते, ती पुढे सांगतो.

पुढचा मोठा धक्का कायद्यानं दिला. केंद्राच्या २०१६ च्या घनकचरा नियमांत पाच हजार चौरस मीटरांहून मोठ्या गृहसंकुलांनी ओला कचरा आवारातच जिरवावा असं आलं, आणि महापालिकेनं दिवसाला शंभर किलोंवर कचरा काढणाऱ्यांना २ ऑक्टोबर २०१७ ची मुदत दिली. मुदती वाढल्या, नोटिसा निघाल्या, आणि अंधेरी-बोरिवलीच्या मोठ्या संकुलांनी घाईघाईनं यंत्रं घेतली. लाखोंची यंत्रं. चोवीस तासांत खत देतो म्हणणाऱ्या विजेच्या यंत्रांबद्दल माझं मत स्पष्ट आहे: त्यातून निघतो तो भाजलेला, वाळवलेला कचरा. ओल लागली की तो पुन्हा कुजायला सुरुवात करतो, आणि तो झाडाच्या मुळाशी टाकला तर मूळ भाजतं. जिवाणूंना वेळ द्यावा लागतो. तो विजेनं वाचवता येत नाही. अशी कितीतरी यंत्रं आज पार्किंगच्या कोपऱ्यात प्लास्टिकखाली झाकलेली दिसतात. एकाची मोटार गेली, एकाचं बिल परवडेना, एकाचा चालवणारा मुलगा दुसरी नोकरी लागून गेला. या तिसऱ्या कारणाकडे नीट बघायला हवं.

घरातली बादली काय नि सोसायटीचा हौद काय, खत करणं हे घरकामच आहे. घरकामाला जसं रोजचं बंधन असतं तसं यालाही. उत्साहानं पंधरा दिवस चालतं, नंतर कुणाच्यातरी हातांवर पडतं. घरात ते बहुतेक बाईच्या हातांवर पडतं. भांडी, डबे, पाणी भरणं यांच्या शेवटी रात्री साडेदहाला बादली हलवणं. कितीतरी घरांतली बादली या एका कारणानं बंद पडली, वासानं नाही. जिथे बादली हलवायचं काम नवऱ्याकडे किंवा कॉलेजातल्या मुलाकडे पक्कं ठरलं आहे तिथे ती वर्षानुवर्षं चालते. आमच्या वहिनींकडे ते काम अण्णांचं आहे. बँकेतून निवृत्त झालेले अण्णा सकाळी चहाआधी बादली हलवतात, आणि त्याविषयी फार बोलत नाहीत.

सोसायटीतही तेच. काम करणारे हात ठरलेले आणि त्यांना मोबदला असेल तर टिकतं. हे सर्वांत आधी आणि सर्वांत नीट ओळखलं ते स्त्री मुक्ती संघटनेनं. १९७५ मध्ये सुरू झालेली ही संघटना अनेकांना ज्योती म्हापसेकरांच्या 'मुलगी झाली हो' या नाटकामुळे माहीत आहे. १९९८ मध्ये तिनं कचरा वेचणाऱ्या बायकांबरोबर 'परिसर विकास' हे काम हाती घेतलं. देवनारच्या डोंगरावर आणि रस्त्यारस्त्यांवर भंगार वेचणाऱ्या या बायका बहुतेक दलित, भूमिहीन, १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून आणि पश्चिम महाराष्ट्रातून मुंबईत आलेल्या घरांतल्या. संघटनेनं त्यांना बचत गट, ओळखपत्रं, प्रशिक्षण दिलं. खताचे खड्डे कसे लावायचे, गांडुळं कशी जगवायची, भाभा अणुसंशोधन केंद्रात डॉ. शरद काळे यांनी विकसित केलेलं 'निसर्गऋण' हे बायोगॅस संयंत्र कसं चालवायचं. त्यांना परिसर भगिनी म्हणतात. डोंगरावर वाकून वेचणारी बाई सोसायटीच्या आवारात हातमोजे घालून पगारी तज्ज्ञ म्हणून उभी राहिली, हा बदल मला या सगळ्या कहाणीतला सर्वांत मोठा वाटतो. कचरा कसा कुजतो याचं जे ज्ञान आपण आज कार्यशाळेत फी भरून घेतो ते या बायकांच्या नाकात आणि बोटांत कधीचं आहे.

बादलीतून निघालेल्या खताचं पुढे काय होतं याचंही एक मराठी घराणं आहे. कोल्हापूरचे श्री. अ. दाभोलकर गणिताचे शिक्षक, 'प्रयोग परिवार' उभारणारे; 'विपुलाच सृष्टी'मधून त्यांनी सांगितलं की थोड्या जागेत, घरातल्या वाया जाणाऱ्या पदार्थांतून कुटुंबापुरती बाग होते. त्या विचाराचा धागा धरून मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या खानपान अधिकारी प्रीती पाटील यांनी २००२ च्या सुमारास त्याच स्वयंपाकघराच्या गच्चीवर बाग फुलवली. कामगारांच्या जेवणाच्या भाज्यांचा रोजचा कचरा खाली जाण्याऐवजी वर गच्चीवर जाऊ लागला आणि त्यातून चिकू, आंबा, केळी, पालेभाज्या उभ्या राहिल्या. पुढे त्यांच्या 'अर्बन लीव्हज'नं उपनगरांतल्या गच्च्यांवर हा वसा नेला. वहिनींच्या ग्रिलमध्ये एवढं नाही. एक कढीपत्ता, एक मिरची, ओवा, आणि मनीप्लांटची जागा घेतलेलं अळू. श्रावणात त्या अळूचं फतफतं शेजारी जातं.

बाहेरच्या जगातल्या दोन गोष्टी इथे उपयोगी पडतील. दक्षिण कोरियानं २००५ मध्ये अन्नकचरा जमिनीत पुरायला बंदी केली आणि २०१३ पासून घरागणिक वजनावर पैसे घेतले. सोलच्या इमारतींखाली वजन करणारे डबे असतात, जितका कचरा तितकं बिल. इंडोनेशियातल्या सुराबायामध्ये ताकाकुरा नावाच्या जपानी तज्ज्ञानं कपड्यांच्या जाळीदार टोपलीत, तिथल्याच आंबवलेल्या पदार्थांचं विरजण वापरून घरगुती खताची पद्धत बसवली, आणि पालिकेनं हजारो टोपल्या घरोघरी दिल्या. सोलचं बिल आपल्याकडे लगेच येईल असं वाटत नाही. सुराबायाची टोपली मात्र उद्या येऊ शकते. आपल्याकडे ताक आहे, गूळ आहे, नारळाच्या शेंड्या आहेत.

वहिनींच्या इमारतीत आता बादल्यांच्या पुढची गोष्ट चालू आहे. मागच्या बाजूला, पंपाच्या खोलीशेजारी, विटांचे दोन हौद बांधले आहेत. विटांमध्ये हवेसाठी फटी, वर पत्र्याचं छप्पर, बाजूला पानांच्या गोण्यांसाठी मचाण. गोण्या भरून ठेवायच्या कुणी आणि हौद हलवायचा कुणी, यावर सप्टेंबरातल्या वार्षिक सर्वसाधारण सभेत तासभर चर्चा झाली. तळमजल्यावरच्या एका काकांचं म्हणणं होतं, पालिका मालमत्ता कर घेते, मग कचऱ्याचे वेगळे पैसे कशाला. चिटणीसांनी हिशेब मांडला: दर फ्लॅटमागे महिना शंभर रुपये, ते सगळे झाडलोट करणाऱ्या ताईंना, सध्याच्या पगाराव्यतिरिक्त, हातमोजे, गमबूट आणि सुट्टीच्या दिवशी बदली माणूस सोसायटीचा. तयार खत विकायचं नाही, सभासदांना आणि ताईंच्या चाळीतल्या कुंड्यांना वाटायचं. काकांनी विरोध नोंदवून घ्यायला सांगितला आणि ठराव मंजूर झाला.

ताईंना मग सभेत बोलावलं. त्यांनी पैशाचं काही विचारलं नाही. म्हणाल्या, "काम मी करीन. पण प्रत्येक घरातनं प्लास्टिक वेगळं आलं पाहिजे. आणि बाळाचे डायपर, बायकांचे पॅड कागदात बांधून वर लाल खूण करून द्यायचे. मिसळून आलं तर त्या घराचा डबा मी तसाच दारात ठेवणार."

चिटणीसांनी हे वाक्य शब्दशः इतिवृत्तात लिहून घेतलं आणि सूचनाफलकावर लावलं.